लिनक्स मिंट २२ जुन्या पीसीवर: रिझोल्यूशन, ग्राफिक्स ड्रायव्हर आणि आमची पंचवटीतली अभ्यासिका

आधीच सांगून टाकते, लिनक्स मिंट २२ ला, म्हणजे विंडोजच्या जागी चालणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टीमला, माझ्याकडून पाचपैकी साडेचार स्टार आणि हे स्टार फक्त एका गोष्टीसाठी आहेत, स्क्रीनसाठी. मेनू विंडोजसारखा दिसतो, वॉलपेपर छान आहेत, हे सगळं खरंय पण त्यावर बऱ्याच जणांनी लिहून झालंय. जुन्या मशीनवर लिनक्स टाकल्यावर पहिल्या अर्ध्या तासात माणूस जिथे कंटाळून परत विंडोजकडे जातो ती जागा म्हणजे डिस्प्ले. अक्षरं पसरट दिसतात, सगळं १०२४ बाय ७६८ पिक्सेलच्या रिझोल्यूशनवर अडकलेलं असतं, सेटिंगमध्ये १९२० बाय १०८० चा पर्यायच दिसत नाही, आणि मग कोणीतरी सांगतं की लिनक्समध्ये असंच असतं, चालवून घ्या. असं अजिबात नसतं. चालवून घेऊ नका, कारण रोज चार-पाच तास त्या स्क्रीनकडे बघणाऱ्या पोरांच्या डोळ्यांचा प्रश्न आहे.

आमची अभ्यासिका नाशिकच्या पंचवटीत आहे, एमपीएससी आणि पोलीस भरतीची मुलं येतात, बरीचशी दिंडोरी, पेठ, सुरगाण्याकडची. कॉम्प्युटर सगळे अंबडच्या एका ऑफिसने काढून टाकलेले, चौथ्या पिढीचे आय३, ४ जीबी रॅम, नंतर त्यात एसएसडी बसवल्या. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेल असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर, म्हणजे ही मशीन्स अधिकृतपणे बादच. हार्डवेअर मात्र ठणठणीत आहे. म्हणून मिंट, त्यातली सिनॅमन डेस्कटॉपवाली एडिशन. २२ हे जुलै २०२४ मध्ये आलं, उबुंटू २४.०४ या दुसऱ्या लिनक्सवर बेतलेलं आहे आणि २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत, त्यामुळे दरवर्षी उठून नव्याने टाकायची कटकट नाही. फुकट आहे हे वेगळं सांगायला नको.

मला या सगळ्यातून एकच गोष्ट कळकळीने सांगायचीय. लिनक्सवर रिझोल्यूशन ही "सेट करायची" गोष्ट कमी आणि आपोआप बरोबर यायची गोष्ट जास्त आहे. मॉनिटर, केबल आणि ग्राफिक्सचा ड्रायव्हर (ग्राफिक्स चिप चालवणारा प्रोग्राम) हे तिघं धड असतील तर मिंट स्वतःच मॉनिटरचं मूळ रिझोल्यूशन पकडतं, तुम्हाला काहीच करावं लागत नाही. ते आपोआप आलं नाही तर सेटिंगशी झटापट करू नका, तिघांपैकी कोण गडबड करतोय ते शोधा. आणि शोधायचा क्रमही ठरलेला ठेवा, आधी केबल, मग ड्रायव्हर, आणि टर्मिनलच्या (टाइप करून आज्ञा द्यायच्या खिडकीच्या) कमांड अगदी शेवटी. लोक नेमकं उलट करतात.

इन्स्टॉल करताना काय होतं ते आधी. इन्स्टॉलची आयएसओ फाइल तीन जीबीच्या आत-बाहेर आहे, पेन ड्राइव्हवर टाकायची, त्यावरून बूट केलं की लाइव्ह डेस्कटॉप उघडतो, डिस्कला हात न लावता. इथेच थांबा आणि डिस्प्ले सेटिंग उघडून बघा. १९२० बाय १०८० आपोआप लागलेलं दिसलं तर तुमचं नव्वद टक्के काम झालं असं समजा. मिंटची स्वतःची किमान अट १०२४ बाय ७६८ ची आहे, त्याच्याही खाली स्क्रीन अडकली तर इन्स्टॉलरची खिडकी मावत नाही आणि पुढे जायचं बटण खाली स्क्रीनच्या बाहेर राहतं. अशा वेळी ऑल्ट दाबून धरायचं आणि माउसने खिडकी कुठूनही पकडून वर ओढायची, बटण दिसतं. छोटीशी गोष्ट आहे पण हे माहीत नसल्याने इन्स्टॉल अर्धवट सोडलेली माणसं मी बघितलीयेत.

काही मशीन, मुख्यतः एनव्हिडिया कार्डवाली, पेन ड्राइव्हवरून सुरूच होत नाहीत, काळी स्क्रीन येते किंवा लोगोवर अडकतात. बूट मेनूत कम्पॅटिबिलिटी मोड असतो तो निवडायचा. तो मोड कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, नोमोडसेट (nomodeset) म्हणून सूचना देतो, म्हणजे ग्राफिक्सचा खरा ड्रायव्हर वापरू नकोस, साध्या पद्धतीने काहीतरी दाखव. त्यामुळे त्या मोडमध्ये रिझोल्यूशन कमी आणि सगळं जडजड वाटणारच, तो आजार नाहीये. इन्स्टॉल होऊन खरा ड्रायव्हर बसला की जातं ते. ड्रायव्हर बसलाय की नाही हे बघायला टर्मिनलमध्ये इन्क्सी ही कमांड डॅश आणि कॅपिटल जी लावून (inxi -G) चालवायची, मिंटमध्ये ती आधीपासून असते. इंटेलवर आय९१५ दिसलं की छान. आणि एलएलव्हीएमपाइप असं नाव दिसलं तर समजायचं की ग्राफिक्स चिप झोपलीये आणि सगळं चित्र बिचारा प्रोसेसर काढतोय, पंखा जोरात फिरतो त्याचं कारण तेच.

इंटेलच्या मशीनबद्दल फार लिहिण्यासारखं नाही आणि हेच तिचं कौतुक. ड्रायव्हर कर्नलमध्येच असतो, सीडी नाही, डाउनलोड नाही, ड्रायव्हर मॅनेजर उघडला तर तो म्हणतो काही बसवायची गरज नाही. एएमडीचंही तसंच, ड्रायव्हर कर्नलमध्ये आणि बाकीचं मेसा नावाच्या मुक्त ग्राफिक्स संचामध्ये, दोन्ही मिंटसोबतच येतं. आमची इंटेलवाली मशीन्स लावली, चालू केली, पोरं बसली.

आता केबल. खरा त्रास इथे झाला आणि याबद्दल कोणी नीट सांगत नाही. प्रत्येक मॉनिटरच्या आत त्याची माहिती साठवलेली असते, ईडीआयडी म्हणतात तिला, मूळ तुकडा फक्त १२८ बाइटचा. कंपनी कोणती, मूळ रिझोल्यूशन किती, किती हर्ट्झवर चालतो (सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो) वगैरे. हे मॉनिटरचं आधार कार्ड समजा. कॉम्प्युटर ते केबलमधूनच वाचतो, व्हीजीए केबलमध्ये त्यासाठी १२ आणि १५ नंबरच्या पिना असतात. स्वस्त केबलमध्ये या पिनांच्या तारा कधी कधी नसतातच, किंवा एचडीएमआयचं व्हीजीए करणारं जे छोटं कन्व्हर्टर मिळतं ते ही माहिती धड पुढे पाठवत नाही. मग कॉम्प्युटरला समोर कोण आहे तेच कळत नाही आणि तो सावधपणे १०२४ बाय ७६८ वर थांबतो. चित्र येतं, रंग येतात, त्यामुळे केबलवर कोणाचा संशय जात नाही आणि सगळे लिनक्सला शिव्या घालतात.

आमच्याकडे एमजी रोडवरच्या एका दुकानातून आणलेली कन्व्हर्टर होती, त्यातल्या काहींनी हाच खेळ केला. एकाच खोलीत, एकाच मॉडेलच्या दोन मॉनिटरवर, एकावर १९२० आणि दुसऱ्यावर १०२४. दोघांच्या केबलची अदलाबदल केली तर आजारही इकडून तिकडे गेला, म्हणजे निदान पक्कं. ही अदलाबदलीची तपासणी सगळ्यात आधी करा, पैसे लागत नाहीत, पाच मिनिटं लागतात. आणि मॉनिटरला आणि कॉम्प्युटरला दोन्हीकडे एचडीएमआय असेल तर सरळ एचडीएमआय केबल घ्या, व्हीजीएच्या नादी लागू नका. व्हीजीएवर १०८० चालतं, नाही असं नाही, पण सिग्नल अॅनालॉग असल्याने अक्षरांच्या कडा किंचित पुसट दिसतात. व्हीजीएच असेल तर मॉनिटरवरचं ऑटो अॅडजस्टचं बटण एकदा दाबा, बराच फरक पडतो.

पुसट अक्षरांचं मी एवढं का लावून धरतेय? देवनागरीमुळे. इंग्रजी अक्षरं थोडी पसरट झाली तरी वाचता येतात. आपल्याकडे अनुस्वार, रफार, उकार, जोडाक्षरातला पाय मोडलेला भाग हे सगळं दोन-तीन पिक्सेलात बसवलेलं असतं. १०८० च्या मॉनिटरवर १०२४ चं चित्र ताणून दाखवलं की एका पिक्सेलचं दीड-दोन पिक्सेलमध्ये सारवण होतं आणि ऱ्हस्व-दीर्घ उकार सारखेच दिसायला लागतात. राज्यघटनेच्या पीडीएफ वाचणाऱ्या एका मुलीने मला विचारलं, "ताई, या फाइलमध्येच चुका आहेत का हो?" फाइल बरोबर होती, स्क्रीन खोटं दाखवत होती.

याला जोडूनच एक सवय मोडायला सांगते. अक्षर बारीक वाटतं म्हणून लोक रिझोल्यूशन कमी करतात, विशेषतः आपल्या घरातली मोठी माणसं. तसं करू नका. रिझोल्यूशन नेहमी मॉनिटरचं मूळ तेच ठेवा आणि अक्षर मोठं करा. मिंटमध्ये फॉन्ट सिलेक्शन उघडलं की टेक्स्ट स्केलिंग फॅक्टर मिळतो, १.० असतो तो १.१ किंवा १.२ करायचा. अक्षरं मोठी आणि तरी धारदार. डिस्प्ले सेटिंगमध्ये फ्रॅक्शनल स्केलिंगपण आहे, १२५, १५० टक्के वगैरे, पण तिथे अजून प्रायोगिक असं लिहिलेलं आहे आणि ते आधी मोठं चित्र काढून मग बारीक करतं त्यामुळे जुन्या ग्राफिक्सवर ताण येतो आणि चित्र थोडं मऊही दिसतं. आमच्यासारख्या मशीनवर टेक्स्ट स्केलिंगच बरं, मी सगळीकडे तेच लावलंय आणि मुलं खूश आहेत.

एनव्हिडियाकडे वळूया, अर्धा स्टार तिथेच गेला. आमच्या काही मशीनमध्ये जीटी ७१० कार्ड होतं, स्वस्त म्हणून हे आपल्याकडे भरपूर विकलं गेलंय, तुमच्याही जुन्या पीसीत असण्याची शक्यता दांडगी. मिंट सुरुवातीला त्यावर नूव्हो नावाचा मुक्त ड्रायव्हर लावतं. रिझोल्यूशन बरोबर येतं, ब्राउझर आणि लिबरऑफिस चालतं. पण नूव्हो या कार्डला त्याच्या पूर्ण वेगावर आपोआप नेत नाही, त्यामुळे कार्ड रांगत राहतं. मग ड्रायव्हर मॅनेजर उघडायचा. हा मिंटचा माझा सगळ्यात आवडता भाग आहे. तुमचं कार्ड ओळखतो, कोणकोणते ड्रायव्हर चालतील ते दाखवतो, त्यातल्या एकापुढे रेकमेंडेड असं लिहिलेलं असतं, त्यावर टिचकी मारायची, अप्लाय करायचं, रीस्टार्ट. झालं. कुठल्या वेबसाइटवर जाऊन मॉडेल शोधत बसायचं नाही.

यातली मेख अशी की जीटी ७१० केप्लर पिढीचं आहे आणि केप्लरसाठी शेवटची ड्रायव्हर मालिका ४७०, तिचा सपोर्ट एनव्हिडियाने २०२४ मध्येच थांबवला. म्हणजे आज चालतो, पण पुढे कर्नल बदलत गेला की हा ड्रायव्हर त्यावर बसेलच याची खात्री नाही. म्हणून अशा मशीनवर मिंट २२ सोबत येणारा ६.८ कर्नलच ठेवा, अपडेट मॅनेजरमध्ये कर्नलची वेगळी यादी असते तिथे नवीन नंबर दिसला म्हणून उड्या मारू नका. ६.८ ला सुरक्षा अपडेट मिळत राहतात.

माझा खरा सल्ला मात्र वेगळाच आहे आणि ऐकायला विचित्र वाटेल. कार्ड काढून टाका. चौथ्या पिढीच्या आय३ मध्ये इंटेलचं ग्राफिक्स आतच आहे, १०८० चा व्हिडिओ आरामात दाखवतं, ड्रायव्हरची भानगड नाही, वीज कमी, गरमी कमी. आम्ही तेच केलं. नाशिकच्या एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या छपराखाली ही गरमी काय असते ते तिथे बसणाऱ्यालाच माहीत. फक्त कार्ड काढल्यावर केबल मदरबोर्डच्या पोर्टला लावायला विसरू नका. आणि कार्ड आत असेल तोवर केबल कार्डच्याच पोर्टला लावा, कारण बऱ्याच बोर्डवर कार्ड असलं की आतलं ग्राफिक्स आपोआप बंद होतं आणि मॉनिटर नो सिग्नल म्हणत बसतो. ज्यांच्याकडे नवीन कार्ड आहे, जीटीएक्स १६५० वगैरे, त्यांनी अर्थातच ठेवा, त्यांना ड्रायव्हर मॅनेजरमधून चालू मालिकेचा ड्रायव्हर मिळतो आणि तो मस्त चालतो. एनव्हिडियाच्या साइटवरून फाइल उतरवून हाताने बसवू नका बस, कर्नलचं अपडेट आलं की ती पद्धत मोडते आणि मिंटच्या पॅकेजशी भांडण होतं ते वेगळंच.

सिक्युअर बूटवाल्यांसाठी एक महत्त्वाची ओळ. नवीन मशीनवर ते, म्हणजे सही असलेलंच सॉफ्टवेअर बूट होऊ देणारं कुलूप, चालू असतं, आणि एनव्हिडियाचा ड्रायव्हर बसवताना एक पासवर्ड ठेवायला सांगतात. रीस्टार्टनंतर निळी स्क्रीन येते, तिथे एनरोल मॉक (Enroll MOK) निवडून तोच पासवर्ड टाकायचा. ती स्क्रीन दहा सेकंदच थांबते. तेवढ्यात कुठलीच की दाबली नाही तर मशीन तशीच पुढे जाते, ड्रायव्हर बसलेला असूनही चालू होत नाही आणि रिझोल्यूशन परत खाली. चहा घ्यायला त्या वेळी उठू नका.

ड्रायव्हर बदलल्यावर काळी स्क्रीन आली तर? घाबरायचं नाही, डेटा जागेवरच असतो. चालू करताना शिफ्ट किंवा एस्केप दाबून ग्रब, म्हणजे बूटचा मेनू, आणायचा, ई दाबायचं, क्वाएट स्प्लॅश लिहिलेल्या ओळीत शेवटी नोमोडसेट जोडायचं आणि एफ१० दाबायचं. कमी रिझोल्यूशनमध्ये का होईना डेस्कटॉप उघडतो, मग ड्रायव्हर मॅनेजरमधून परत नूव्होवर जायचं. त्याहून सोपं म्हणजे ड्रायव्हरला हात लावायच्या आधी टाइमशिफ्टमध्ये एक स्नॅपशॉट घेऊन ठेवायचा, मिंटमध्ये ते प्रोग्राम आधीपासून असतं, बिघडलं की मागे जाता येतं. हे मी सगळ्यांना सक्तीने करायला लावते.

आणि टर्मिनल. केबल बदलता येत नाही, मॉनिटर जुना आहे, ईडीआयडी मेलाय, अशा वेळी एक्सरँडआर (xrandr) ही रिझोल्यूशन हाताने लावायची कमांड कामाला येते. आधी सीव्हीटी १९२० १०८० ६० (cvt 1920 1080 60) असं चालवलं की ते मोडलाइन काढून देतं, १७३.०० पासून सुरू होणारे आकडे असतात, ते एक्सरँडआरच्या न्यूमोडला (--newmode) द्यायचे, मग अॅडमोडने (--addmode) तुमच्या पोर्टला जोडायचे, आणि मग डिस्प्ले सेटिंगमध्ये तो पर्याय दिसायला लागतो. पोर्टचं नाव साधं एक्सरँडआर चालवलं की कळतं. हे रीस्टार्टनंतर विसरलं जातं, म्हणून त्या ओळी होम फोल्डरमध्ये डॉट एक्सप्रोफाइल (.xprofile) नावाच्या फाइलमध्ये टाकून ठेवायच्या. इंटेल आणि नूव्होवर हे छान चालतं, एनव्हिडियाच्या स्वतःच्या ड्रायव्हरवर बहुतेकदा नाही. आणि स्क्रीनवर चित्र दाखवायच्या वेलँड या नव्या पद्धतीच्या सेशनमध्येही याचा उपयोग नाही, पण मिंट अजून मुळात एक्स११ या जुन्या पद्धतीवरच चालतं, वेलँड तिथे प्रायोगिक आहे, त्यामुळे काळजी नसावी. मॉनिटरच्या ताकदीबाहेरचे आकडे मात्र देऊ नका, मॉनिटरच्या मॅन्युअलमध्ये असतील तेवढेच.

दोन मॉनिटरचा अनुभव माझ्या मावसभावाच्या ऑफिसातला. पिंपळगावला त्यांचं द्राक्षाच्या निर्यातीचं कागदकाम चालतं, एका स्क्रीनवर ग्रेपनेट (द्राक्ष निर्यातीच्या नोंदींची सरकारी साइट) उघडं आणि दुसरीकडे प्लॉटनिहाय शीट, असं हंगामात दिवसभर. एक मॉनिटर १९२० चा आणि दुसरा जुना १३६६ बाय ७६८ चा. डिस्प्ले सेटिंगमध्ये दोन चौकोन दिसतात, टेबलावर मॉनिटर जसे ठेवलेत तसे ते ओढून लावायचे, मोठा प्रायमरी करायचा, लागू करा म्हटलं की मिंट विचारतं हे ठेवायचं का, आणि उत्तर दिलं नाही तर थोड्या वेळाने स्वतःच आधीच्या सेटिंगवर जातं. म्हणजे चुकीचं काही निवडून स्क्रीन गेली तरी नुसतं गप्प बसायचं. हे किती मोलाचं आहे ते रात्री अकराला फोनवरून दादाला समजावताना कळलं. डिजिटल सिग्नेचरचं टोकन त्यांनी वेगळ्या विंडोज मशीनवरच ठेवलंय आणि ते योग्यच आहे.

अभ्यासिकेत एक ४३ इंची टीव्हीपण आहे, नकाशे दाखवायला. टीव्हीला जोडल्यावर चारही कडा कापल्या जाऊन खालचं पॅनेल गायब होतं, हा ड्रायव्हरचा दोष नाही, टीव्ही चित्र मुद्दाम मोठं करतो. टीव्हीच्याच पिक्चर मेनूत जस्ट स्कॅन किंवा स्क्रीन फिट असं काहीतरी असतं, ते लावा. फोरके टीव्ही असेल आणि माउस अडखळत चालतोय असं वाटलं तर हर्ट्झ बघा, एचडीएमआय १.४ वर फोरके फक्त ३० हर्ट्झला चालतं, ६० साठी २.० पोर्ट लागतं, म्हणून जुन्या पीसीवरून फोरके टीव्हीलाही १०८० आणि ६० हर्ट्झ द्या, हात हलका वाटतो. मिंट २२.१ पासून नाइट लाइटही आलाय, संध्याकाळनंतर स्क्रीन पिवळसर होते, रात्री उशिरापर्यंत बसणाऱ्या मुलांसाठी तो मी सगळीकडे चालू केलाय.

कोणी घेऊ नये? लग्नपत्रिका, फ्लेक्स, बॅनर करणाऱ्यांनी मुख्य मशीनवर नको. कोरलड्रॉ आणि फोटोशॉप लिनक्सवर येत नाहीत, आणि श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टवर तुमचं सगळं काम अडकलेलं असतं, रिझोल्यूशन कितीही सुंदर लागलं तरी त्याने धंदा चालणार नाही. बाकी अभ्यासिका, क्लास, शाळेची लॅब, घरचा ब्राउझिंगचा पीसी, सोसायटीचं ऑफिस यांनी बिनधास्त टाका. कोणाला पंचवटीत येऊन चालू मशीन बघायची असेल तर संध्याकाळी सहानंतर या, तोवर मुलांचे पेपर चालू असतात. येताना आपली केबल सोबत आणा, तीपण तपासून देईन.